वडील म्हणतात परत ये, बायको म्हणते नको

पत्र मोठं होतं, थोडक्यात देतेय:

"ताई, मी ३३ वर्षांचा, औसा तालुक्यातला, किल्लारीजवळचं गाव आमचं. डिप्लोमा मेकॅनिकल केलाय. २०१६ पासून चाकणला आहे, आधी ठेकेदाराकडे होतो, आता साडेतीन वर्षं एका पार्ट बनवणाऱ्या कंपनीत परमनंट, मेंटेनन्सला. हातात ३६,००० येतात. मिसेस जीएनएम नर्स आहे, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा झालेली, खासगी हॉस्पिटलात, तिला १९,०००. मुलगी पाच वर्षांची. गावी आईवडील आणि चार एकर कोरडवाहू. आता लातूर एमआयडीसीतल्या एका सोयाबीन तेलाच्या कंपनीतून ऑफर आलीय, २३,००० म्हणतात. वडील म्हणतात परत ये, एवढ्या लांब राहून काय कमावलंस. बायको म्हणते मी येणार नाही. इकडे एक एजंट मागे लागलाय की वन बीएचके बुक करा, उद्या भाव वाढतील. रात्री झोप लागत नाही. काय करू?"

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. आकडे तुम्ही शेवटच्या पानावर नीट मांडून पाठवलेत, त्याबद्दल थँक्यू, त्यावर येतेच. पण आधी दुसरं बोलू, कारण पत्रभर आकड्यांपेक्षा जास्त दिसतोय तो अपराधीपणा. "काय कमावलंस" हे वडिलांचं वाक्य मी वर एकदाच घेतलंय, तुमच्या मूळ पत्रात ते चार ठिकाणी आहे. म्हणजे ते आत रुतून बसलंय.

मला ते कळतं. मी परभणी जिल्ह्यातली, १९९६ ला पुण्यात आले, रातराणीने, सोबत एक पत्र्याची पेटी आणि आईने बांधून दिलेल्या धपाट्या. माझा धाकटा भाऊ गावीच राहिला. वडील गेले तेव्हा मी नगरच्या पुढे गाडीत होते, पोचले नाही वेळेत. त्यामुळे लांब राहण्याची काय किंमत असते हे मला कोणी शिकवायला नको, आणि तुम्हाला मी "भावनिक होऊ नका, प्रॅक्टिकल विचार करा" असलं काही सांगणार नाहीये. भावना हा पण हिशोबाचाच भाग आहे, फक्त तो किती रुपयांचा ते ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

पण अपराधीपणा वेगळा. तुम्ही गाव सोडून चाकणला गेलात ते काही गावावर रुसून गेला नाहीत, डिप्लोमा करून पोराला काम मिळेल अशी जागा तेव्हा तुमच्या तालुक्यात नव्हती, आणि ती का नव्हती याचं उत्तर तुमच्या जन्माच्या आधीपासून लिहिलेलं आहे. १९५३ च्या नागपूर करारात मराठवाडा मागासलेला आहे, त्याच्याकडे खास लक्ष देऊ असं लिहून दिलेलं होतं. तीस वर्षांनी, १९८३ ला, दांडेकर समिती बसवावी लागली की बाबा नेमकं कोण किती मागे राहिलंय ते मोजा, आणि १९८४ ला त्यांनी रस्ते, सिंचन, शाळा, दवाखाने, वीज सगळं धरून अनुशेष, म्हणजे मागे राहिलेलं भरून काढायचा खर्च, काढला ३,१८६ कोटींचा, त्यात सगळ्यात मोठा वाटा विदर्भाचा आणि पाव हिश्शाच्या आसपास मराठवाड्याचा. त्या काळचे ३,१८६ कोटी! मग निधी नीट वाटला जावा म्हणून १९९४ ला वैधानिक विकास मंडळं आली, २०१३ ला याच असमतोलावर केळकर समितीचा अहवाल आला, आणि एप्रिल २०२० ला मंडळांची मुदतच संपली. अहवालांवर अहवाल झाले, तोवर पोरं बसमध्ये बसून गेली.

आणि कारखाने पुण्याकडेच का, तर पिंपरीला १९५४ ला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली, मुंबईत जागा महाग आणि गर्दी झाली तसे उद्योग मुंबईबाहेर जागा शोधायला लागले, आणि मुंबईबाहेर म्हणजे कुठे, तर बंदर आणि हेड ऑफिस जिथून जवळ पडेल तिथे, म्हणजे ठाणे आणि पुणे पट्टा. एकदा मोठी गाडी कंपनी बसली की तिचे व्हेंडर जवळच बसतात, कारण माल दिवसातून तीन-चार वेळा लाइनवर लागतो, आठ तास लांबून ट्रक कोण मागवणार. व्हेंडर आले की टूल रूम येते, हीट ट्रीटमेंटवाला येतो, कॅलिब्रेशनवाला येतो, डिप्लोमाची पोरं येतात, आणि पोरं आहेत म्हणून पुढची कंपनी पण तिथेच येते. तुम्ही मेंटेनन्सला आहात, हे सगळं तुम्ही माझ्यापेक्षा जवळून बघताय. मराठवाड्यात हे एकाच ठिकाणी जमलं, वाळूजला, ऐंशीच्या दशकात तिथे बजाजची फॅक्टरी आली आणि तिच्याभोवती वीस-पंचवीस वर्षांत एक आख्खा पट्टा उभा राहिला. लातूरला तसं अजून झालेलं नाही. डाळ मिल आहेत, तेल गिरण्या आहेत, क्लासेस आहेत जिथे अर्ध्या महाराष्ट्राची पोरं येऊन नीटची तयारी करतात, पण मेकॅनिकलच्या माणसाला दारोदार फिरता येईल एवढी दारं नाहीत.

हे मी का सांगतेय तर वडिलांना उत्तर देताना खाली मान घालून देऊ नका. वडिलांचंही चूक नाही बरं का. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तुमच्या भागातली घरं पडली, तुम्ही तेव्हा वर्षाचे असाल, आणि तुम्ही लिहिलंय तसं ते तरी गाव सोडून गेले नाहीत, पुनर्वसनाच्या घरात उभं राहून पुन्हा तेच चार एकर कसले. असल्या माणसाला पगारासाठी गाव सोडणं समजणार नाही, आणि त्यांनी समजून घ्यावं असा हट्ट पण धरू नका.

आता हिशोब. तुमची दोघांची मिळून आवक ५५,०००. खर्च तुम्ही दिलाय तो असा: खोली भाडं ९,५००, लाईट-पाणी १,५००, शाळा आणि व्हॅन ४,५००, पेट्रोल ३,०००, किराणा-गॅस-दूध १२,०००, घरी पाठवता ६,०००, गावी जाण्यायेण्याचे महिन्याला सरासरी २,५००, गाडीचा हप्ता २,५००, बाकी औषधं, कपडे, मोबाईल वगैरे ५,०००. झाले ४६,५००. उरतात ८,५००.

लातूर धरू. तुमचे २३,०००, वहिनींना तिथे खासगी हॉस्पिटलात ११,००० मिळतील असं तुमच्या मित्राने सांगितलंय, म्हणजे ३४,०००. भाडं ६,०००, लाईट १,०००, शाळा ३,५००, पेट्रोल २,०००, ज्वारी-तूर घरची म्हणून किराणा ९,०००, आईवडिलांच्या औषधाला तरी ४,००० द्यावेच लागतील, गावी जाणंयेणं १,२००, हप्ता तोच २,५००, बाकी ४,५००. झाले ३३,७००. उरतात ३००.

आता हे दोन आकडे नीट बघा. तुमची दोघांची कमाई २१,००० ने कमी होतेय, पण उरणारे पैसे ८,२०० नेच कमी होतायत. म्हणजे चाकणला जो जास्तीचा पगार मिळतो त्यातले दोन हजार गावी जास्त जातात, आणि जवळजवळ अकरा हजार चाकणच परत घेतंय, ते तुमच्या घरात येतच नाहीत. हा जो चाकणच्या मोठ्या पगाराचा गावात बोलबाला असतो ना, त्या जास्तीच्या पगाराचा निम्मा भाग तर भाडं, किराणा, व्हॅन, पेट्रोल, ट्रॅव्हल्स यातच जातो.

मी मागच्या वर्षी माझ्या भाचीकडे चाकणजवळ खराबवाडीला गेले होते. एका प्लॉटवर तीन मजले, मजल्याला आठ खोल्या, जिन्यात सायकली आणि गॅस सिलेंडर, प्रत्येक दारावर खडूने लिहिलेलं मीटर रीडिंग कारण खोलीमालकाचं सबमीटर वेगळं, युनिटचा दर तो ठरवेल तो. भाची म्हणाली, मावशी, यांच्या कंपनीत युनियनचं ॲग्रीमेंट झालं, पगार वाढला, तर पुढच्या महिन्यात मालकाने पाचशे वाढवले. त्याला कसं कळलं ग? तर म्हणे अख्ख्या बिल्डिंगमध्ये एकाच कंपनीची पोरं आहेत, पेढे वाटले की कळतंच. मालक वाईट माणूस नाही, त्याची जमीन एमआयडीसीत गेली, उरलेल्या तुकड्यावर त्याने खोल्या बांधल्या, आता तेच त्याचं शेत. पण होतं काय की जिथे काम आहे तिथल्या कामाचा पैसा शेवटी तिथल्या जागेच्या मालकाकडे जातो, आणि जो पोरगा लातूरहून, वाशिमहून, यवतमाळहून येतो त्याच्याकडे राहतो तो फक्त वर तरंगणारा थोडासा. दोन भागांतली दरी पगाराच्या स्लिपवर दिसते तेवढी कामगाराच्या खिशात दिसत नाही, ती दिसते जमिनीच्या भावात. त्यामुळे "इथे डबल पगार आहे" हे वाक्य डोक्यातून काढा.

मग ८,५०० आणि ३०० मध्ये पण फरक आहेच की, असं तुम्ही म्हणाल. आहे. पण माझ्या मते खरा फरक त्या आठ हजारांचा नाहीच.

खरा फरक हा, की समजा उद्या ही नोकरी गेली तर दुसरी किती दिवसांत मिळते. चाकणला तुमची कंपनी बंद पडली, तर तुम्ही बाईक काढाल, महाळुंगे, निघोजे, कुरुळी, तळवडे, भोसरी असा चक्कर माराल, आठवड्यात चार इंटरव्ह्यू होतील, महिन्या-दीड महिन्यात कुठेतरी लागाल, पगार दोन हजार कमी असेल पण लागाल. लातूरला सोयाबीनची कंपनी बंद पडली, किंवा हंगाम संपल्यावर मालकाने सांगितलं की दोन महिने येऊ नका, तर पुढचं दार कुठलं? सोयाबीनचं तेल काढणारा सॉल्व्हंट प्लांट सीझनवर चालतो, सोयाबीनची आवक असते तेव्हा तीन शिफ्ट, नंतर ढिला. मी म्हणत नाही ती कंपनी वाईट आहे, मला ती माहीत पण नाही. मी एवढंच म्हणतेय की एका दाराच्या गावात आणि शंभर दारांच्या गावात मालक तुमच्याशी वेगळ्या आवाजात बोलतो, पगारवाढ मागताना तुमचाही आवाज वेगळा असतो. कायद्यातलं किमान वेतन सुद्धा आपल्याकडे परिमंडळाप्रमाणे वेगळं आहे, महापालिकेच्या हद्दीत जास्त, लहान गावाकडे कमी, म्हणजे सरकारी कागदावरच मान्य आहे की तोच घाम दुसऱ्या ठिकाणी स्वस्त.

आणि एक तुम्ही पत्रात सरळ गाळलंय. तुम्ही सगळीकडे "गावी परत" लिहिलंय, पण ऑफर गावची नाही, लातूरची आहे. तुमचं गाव लातूरपासून पंचेचाळीस किलोमीटर. रोज नव्वद किलोमीटर बाईकवर, त्यात नाईट शिफ्ट, हे महिनाभर होईल, वर्षभर नाही होणार. म्हणजे लातूरला खोली घ्यावीच लागणार आणि आईवडील गावीच असणार, फक्त आठ-नऊ तासांऐवजी तास-सव्वा तासावर. हा फरक मोठा आहे, मी तो कमी समजत नाही, रात्री दोनला फोन आला तर तीनला पोचता येणं ही काय किंमतीची गोष्ट आहे ते मला विचारा. पण वडिलांच्या डोक्यातलं चित्र असं असणार की पोरगा सकाळी शेतावर चक्कर मारून कामाला जाईल, सून अंगणात, नात ओसरीवर. ते चित्र या ऑफरमध्ये नाहीये. हे त्यांना आधी स्पष्ट सांगा, नाहीतर तुम्ही लातूरला येऊनही "आला आणि तिकडेच राहिला" म्हणून पुन्हा बोलणं खाल.

शेतीबद्दल पण तुम्ही लिहिलंय की पडलो तर शेती आहेच. २०२४ च्या हंगामात चार एकरात २२ क्विंटल सोयाबीन झालं, हमीभाव ४,८९२ होता पण तुम्ही ४,२०० ने घातलं कारण नोंदणी आणि बारदानाच्या भानगडीत थांबायला वेळ नव्हता. २२ गुणिले ४,२०० म्हणजे ९२,४००. बी, खत, फवारणी, काढणी, मळणी, हमाली जाऊन तुमच्याच म्हणण्याप्रमाणे निम्मे हातात. सेहेचाळीस हजार, वर्षाचे. तुमचा सव्वा महिन्याचा पगार. आणि २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात तर उभं पीक पाण्यात गेलं. त्याआधी २०१६ ला याच लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. जमीन विकू नका हे मी दहा वेळा सांगेन, वडिलांना होत नसेल तर ठोक्याने किंवा बटईने द्या, पण नोकरी गेली तर शेती सांभाळून घेईल या भरवशावर निर्णय घेऊ नका, उलट आजवर तुमची नोकरी शेतीला सांभाळतेय, दरवर्षी जूनमध्ये बियाण्याचे पैसे कुठून जातात ते बघा.

आता वहिनींकडे येते, कारण मला वाटतं या सगळ्याचं कुलूप त्यांच्या हातात आहे आणि तुम्ही आणि वडील ते दुसऱ्याच किल्लीने उघडायला बघताय.

त्या "मी येणार नाही" म्हणतात याचा अर्थ तुम्ही सासू-सुनेचं काहीतरी असा लावलाय, पत्रात तसं सुचवलंय. असेलही. पण एकदा त्यांच्या जागी उभं राहून बघा. १९,००० चे ११,००० होणार, तेच काम, तीच नाईट ड्युटी. वर लातूरला आल्यावर नातेवाईक म्हणणार आता कशाला ड्युटी, घरीच रहा, सासूबाईंचे गुडघे दुखतात. आणि त्यांनी नोकरी सोडली तर तुमचा लातूरचा हिशोब ३०० वरून सरळ दहा-अकरा हजार खड्ड्यात जातो. पुरुषाच्या बदलीत बाईची नोकरी बुडते आणि त्याची कोणी मोजदाद करत नाही, मी स्वतः हे दोन वेळा भोगलंय. त्यांचं नाही म्हणणं हट्ट नाहीये, त्यांनी तुमच्याआधी हिशोब केलाय एवढंच.

पण नर्सिंगमध्ये एक गोष्ट अशी आहे जी तुमच्या ट्रेडमध्ये नाही. खासगीत लातूरची नर्स आणि पुण्याची नर्स यांच्या पगारात आठ हजारांचा फरक, पण सरकारीत तो फरक जवळजवळ पुसला जातो. सरकारी अधिपरिचारिकेची, म्हणजे स्टाफ नर्सची, वेतनश्रेणी राज्यभर एकच आहे, सातव्या वेतन आयोगात मूळ पगार ३५,४०० पासून, त्यावर महागाई भत्ता सगळीकडे सारखा, फक्त घरभाडं भत्ता शहराच्या वर्गाप्रमाणे कमीजास्त. म्हणजे जो पगार पुण्यात खोलीमालक खाऊन टाकेल तोच पगार लातूरला आख्खा हातात. तुम्ही गावाकडे बघा, जिल्ह्याच्या ठिकाणी कोणाचं बरं चाललंय? शिक्षक, तलाठी, पोलीस, नर्स. त्याचं कारण हेच, पगार राज्याचा आणि खर्च तालुक्याचा. लातूरला सरकारी मेडिकल कॉलेज आहे, त्याचं हॉस्पिटल आहे, जिल्ह्यात ग्रामीण रुग्णालयं आहेत, जिल्हा परिषदेची आरोग्य केंद्रं आहेत. वैद्यकीय शिक्षण विभाग, आरोग्य विभाग यांच्या भरत्या निघतात, जीएनएम चालतं, वयाची अट खुल्या वर्गाला साधारण ३८ आणि मागासवर्गीयांना ४३ असते, वहिनी २९ च्या आहेत. परीक्षा ऑनलाईन, मराठी-इंग्रजी-जीके-बुद्धिमत्ता आणि नर्सिंगचा विषय. सोपं नाही, हजारो पोरी बसतात, एका झटक्यात होईल असं मी सांगणार नाही. पण भाऊ, तुम्ही दोघं दोन वर्षं या एका गोष्टीच्या मागे लागलात, तर तुमचा सगळा प्रश्न उलटा होतो. त्यांचा लातूर जिल्ह्यात नंबर लागला की तुमचे २३,००० हा मुख्य पगार न राहता दुसरा पगार होतो, आणि मग तुम्ही २३,००० वर आरामात येऊ शकता, हंगाम संपला तरी घर हलत नाही.

म्हणून माझं मत: आत्ता ही ऑफर घेऊ नका. चाकणलाच रहा, पण आपण इथे दोन-तीन वर्षंच आहोत असं समजून रहा, आणि या दोन-तीन वर्षांत वहिनींच्या परीक्षेला घरातलं सगळ्यात मोठं काम समजा. त्याचा अर्थ रोजचा असतो हं, नुसतं "तू अभ्यास कर" म्हणून होत नाही. त्यांची ड्युटी संपल्यावर दोन तास त्यांना मिळायला पाहिजेत, म्हणजे मुलीला तुम्ही आणायचं, रात्रीचा कुकर तुम्ही लावायचा, फर्स्ट शिफ्ट असेल तेव्हा संध्याकाळ तुमची. महिन्याचे उरणारे ८,५०० आहेत त्यातले दोन-अडीच हजार क्लास आणि टेस्ट सिरीजला गेले तर जाऊ द्या. हे जमेल का असं त्यांना विचारा, सांगू नका. त्या म्हणाल्या मला लातूर नकोच, सरकारी असलं तरी नको, तर मग हा बेत चालणार नाही, आणि मग आपण वेगळं बोलू.

वन बीएचके अजिबात बुक करू नका. एजंट म्हणतो ते २२ लाखांचं कर्ज, साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षं धरलं तर हप्ता १९,००० च्या वर जातो, तुमचं भाडं आहे ९,५००. वर मेंटेनन्स, रजिस्ट्रेशन. त्या हप्त्याने तुम्ही चाकणला खुंट्याला बांधल्यासारखे व्हाल, उद्या वहिनींचा लातूरला नंबर लागला तरी निघता येणार नाही. आणि त्या भागात बऱ्याच बिल्डिंगी एनए, म्हणजे बिगरशेती, नसलेल्या गुंठेवारीच्या जागेवर उभ्या आहेत, कागद बघितल्याशिवाय टोकन पण देऊ नका. ज्याला कुठे राहायचं तेच ठरलेलं नाही त्याने घर घेऊ नये, भाड्यात पैसा वाया जातो म्हणतात पण हलायची मोकळीक राहते, आणि तुम्हाला आत्ता तीच लागणार आहे.

पीएफबद्दल सांगते कारण पोरं इथेच चुकतात. ठेकेदाराकडे असतानाचा पीएफ आणि आत्ताचा, दोन्ही एकाच यूएएन मध्ये, म्हणजे तुमच्या पीएफच्या कायमच्या नंबरात, आहेत का बघा, नसतील तर ट्रान्सफर करून घ्या. पेन्शनसाठी दहा वर्षांची सर्व्हिस लागते, तुम्ही २०१६ चे, म्हणजे कापला जात असेल तर दहा पूर्ण व्हायला फार राहिलेलं नाही, आता मध्येच फॉर्म भरून सगळं काढून घेतलं तर ती वर्षं गेली. आणि या कंपनीत साडेतीन वर्षं झालीत, पाच झाली की ग्रॅच्युइटी बसते. बघा, दोन वर्षं थांबण्याचा हिशोब इथेही जुळतोय.

लातूरवाल्यांना तोडून टाकू नका. नम्रपणे विचारा, २३,००० हातात की सीटीसी, म्हणजे कंपनीचा तुमच्यावरचा एकूण खर्च, कंपनीच्या रोलवर की ठेकेदाराच्या, पीएफ कुठल्या बेसिकवर, ऑफ सीझनला काय करता, मागचा मेंटेनन्सवाला का सोडून गेला. आणि लातूरच्या रेल्वे कोच फॅक्टरीवर लक्ष ठेवा, २०१८ ला भूमिपूजन झालं, वंदे भारत स्लीपर गाड्यांचा करार २०२३ ला झाला, तुमच्या लाईनचं काम आहे ते. पण पेपरातल्या हेडलाईनवर जाऊ नका, तिथे आत्ता खरंच काम करणारा एखादा पोरगा शोधा आणि त्याला विचारा गेटवर किती जण घेतले. सोलापूर पण डोक्यात ठेवा, तुमच्या गावाहून शंभरएक किलोमीटर, दवाखान्याला तुमच्याकडचे लोक तसेही तिथे जातातच. संभाजीनगरचं बरेच जण सुचवतील, वाळूज, शेंद्रा, बिडकीन, टोयोटाचा २०,००० कोटींचा करार २०२४ ला झाला म्हणून, कामाच्या दृष्टीने ते खरंच चांगलं आहे पण तुमच्यासाठी घर फारसं जवळ येत नाही, पुण्याहून निघालं काय आणि तिथून निघालं काय, दिवस जातोच.

राहिले वडील. त्यांना "दोन वर्षांनी येतो" असं मोघम सांगू नका, हे वाक्य प्रत्येक पोरगा सांगतो आणि प्रत्येक बापाला ते माहीत असतं. पुण्यात संगमवाडीला शनिवारी रात्री उभं राहून बघा, लातूर, नांदेड, यवतमाळच्या ट्रॅव्हल्स लागलेल्या असतात, पोरं लॅपटॉपच्या बॅगा आणि मुलांच्या खेळण्यांचे बॉक्स घेऊन चढतात आणि सोमवारी पहाटे त्याच गाड्यांतून ज्वारीची पोती, तूरडाळ, शेंगदाण्याच्या चटणीचे डबे घेऊन उतरतात, डोळे सुजलेले, तिथून सरळ फर्स्ट शिफ्टला. त्यातल्या प्रत्येकाने घरी सांगितलंय दोन वर्षांनी येतो. म्हणून तुम्ही त्यांना पूर्ण सांगा, सूनबाई परीक्षा देतेय, तिचं झालं की येणार, नाही झालं तर पुन्हा बसून बोलू. त्यांना सुनेच्या अभ्यासात सामील करून घ्या, मे महिन्यात आईला दोन महिने चाकणला आणा नातीसाठी, परीक्षेच्या आधीचे दोन महिने मिळाले तर अजून चांगलं. आणि त्यांना विचारा की तुम्हाला नेमकं काय अडतंय. मला तुमच्या पत्रावरून वाटतंय की त्यांना बीपीच्या गोळ्या आणायला आणि बँकेत केवायसीला जायला माणूस हवाय, आणि ते सांगायचा त्यांना संकोच वाटतो म्हणून ते "परत ये" म्हणतात. माझे वडील पण तसेच बोलायचे, मला ते फार उशिरा कळलं. गावातल्या एखाद्या विश्वासू पोराला महिन्याला हजार रुपये देऊन ही कामं लावता येतात, औशाच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा नेऊन आणायचं, एवढंच. घरी पाठवता त्या सहा हजारांतच ते बसवा.

हे पत्र वहिनींना वाचायला द्या, सगळं, सासू-सुनेची ओळ पण. आणि त्यांचं नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन कधी संपतंय ते आजच कपाटातून काढून बघा, भरतीचे फॉर्म निघतात तेव्हा रिन्युअल राहिलेलं असतं आणि पोरी तिथेच अडतात.